ढोरं खात नाहीत, म्हणून लावलं

विदर्भात रस्त्याला खड्डा पडला की त्याची दखल तीन टप्प्यांत घेतली जाते. आधी पेपरात फोटो येतो, मग निवेदन जातं, आणि तरीही काही हललं नाही की कार्यकर्ते येऊन त्या खड्ड्यात बेशरमाचं झाड लावतात. प्रकरण फारच चिघळलं तर साहेबांच्या टेबलावर बेशरमाच्या फुलांचा गुच्छ ठेवला जातो. साहेब कसनुसं हसतात, फोटो निघतो, मंडळी पांगतात आणि शिपाई तो गुच्छ उचलून खिडकीबाहेर टाकतो. या आंदोलनात तांत्रिक दोष एकच आहे. खिडकीबाहेर ओल असेल, तर ती फांदी मूळ धरते. खड्डा बुजो न बुजो, कचेरीच्या मागच्या अंगाला बेशरमाचं बन तयार होतं आणि पुढच्या आंदोलनाला माल तिथूनच मिळतो.

महाराष्ट्र सरकारनं २०१६ साली दोन कोटी झाडं लावायचा संकल्प सोडला, मग चार कोटी, मग तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी. त्यातली जगली किती, हा प्रश्न पुढं विधिमंडळापर्यंत गेला. बेशरमाबद्दल असा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही. त्याला ना जाळी लागते, ना टँकर, ना उद्घाटक. मोडलेली फांदी चिखलात उलटी पडली तरी ती सवडीनं सुलटी होते आणि कामाला लागते.

वनस्पतिशास्त्रात याचं नाव आयपोमिया कार्निया. एकादशीला ज्या रताळ्याचा कीस होतो ते याचं भावंड, तेही आयपोमियाच. एकाच घराण्यातला एक उपवासाला चालतो आणि दुसरा बकरीला कायमचा उपवास घडवतो. माहेर दक्षिण अमेरिका. माणसाच्या डोक्यावरून जाणारं झुडूप, लांबट हृदयासारखं पान, खोड आतून पोकळ, तोडलं की पांढरा चिकट चीक. फूल कर्ण्याच्या आकाराचं, फिकट गुलाबी-जांभळं, घशाशी गडद. खरं सांगायचं तर दिसायला देखणं. नागनदीच्या आणि पिवळी नदीच्या काठानं सकाळी जाताना नाक दाबून धरावं लागतं, तिथंही डोळे मिटावेसे वाटत नाहीत ते या फुलांमुळेच. बियांना मऊ तंतू असतात, त्यामुळे ब्राझीलमध्ये याला ‘रानटी कापूस’ म्हणतात. तिथं याचं दुसरं एक नाव आहे, ‘मता काब्रा’. म्हणजे बकरीमार. ब्राझीलवाल्यांनी मुद्द्याचं नाव ठेवलं. आपल्याकडं स्वभावावर भर दिला गेला.

एका अख्ख्या पिढीच्या पाठीला या झाडाची ओळख शाळेतच झाली. मास्तर छडी आणायला ज्याला मारायचं त्यालाच पाठवत आणि पोरगं नाल्यावरून बेशरमाची फोक घेऊन येई. पोकळ असल्यामुळे आवाज मोठा, मार कमी, एवढं संशोधन त्या वयात पूर्ण झालेलं असे.

मग हे झाड इथं आलं कसं? फुलांसाठी. बागेत शोभेला म्हणून आणलं, तिथून ते कालव्याच्या काठावर माती धरून ठेवायला गेलं, आणि तिथून धुऱ्यावर, सांदवाडीच्या कुंपणाला. प्रत्येक बदलीच्या वेळी शिफारसपत्रात एकच ओळ होती: ढोरं खात नाहीत. तर्क बिनतोड होता. कुंपण ढोरानं खाल्लं तर ते कुंपण कसलं, तो चारा झाला. फांद्या तोडायच्या, ओळीनं खुपसायच्या, पावसाळ्यात हिरवी भिंत तयार. तार नको, खांब नको, पैसा नको. त्यात विचार करायचा राहिला तो एवढाच की जे झाड ढोर खात नाही, ते आवरायला दुसरं कोणी येत नाही. बाभळीचा पाला बकरी ओरबाडते, बोरी खाते, गवत तर सगळेच खातात. उन्हाळ्याच्या शेवटी गावकुरणात शिल्लक राहतं ते न खाल्लेलं. दरवर्षी गवत हातभर मागं सरतं आणि बेशरम हातभर पुढं. भिंत कुंपणाची जागा सोडून वावरात शिरते, वावरातून नाल्यात, नाल्यातून तळ्यात.

या शिफारसपत्रावरचा विश्वास मात्र अजून ढळलेला नाही. महामार्गाच्या दुभाजकावर कण्हेर लावतात तीही बऱ्याच अंशी याच कारणानं. कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी, आणि पान वाळलं तरी विष जात नाही, उलट कडूपणा कमी होतो. हिरवी असताना गायीनं जिला हुंगून सोडलं, तीच छाटणीनंतर रस्त्याकडेला वाळत पडली की चाऱ्याबरोबर पोटात जाते.

आता बकरीकडं वळू. विदर्भाची बेरारी बकरी ही अधिकृत नोंद झालेली जात आहे आणि तिला मूर्ख समजण्याचं काही कारण नाही. नव्या पाल्यापुढं ती आधी नाक नेते, मग ओठांनी चाचपते, एक पान तोडते, आणि मालकाकडं अशा नजरेनं बघत चघळते की चूक मालकाचीच असावी. बेशरम तिला पहिल्या भेटीत आवडत नाही. पण मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या आसपास फिरू लागतो, पडीक वावरात धुळीशिवाय काही राहत नाही, कोठ्यातलं कुटार बैलांना आणि म्हशींना राखून ठेवलेलं असतं, आणि नाल्याच्या काठावर एकच गोष्ट हिरवीगार उभी असते. पहिल्या दिवशी दोन पानं. काही होत नाही. दुसऱ्या दिवशी चार. तरीही काही होत नाही. खरी फसगत इथंच आहे. हे विष त्या दिवशी मारत नाही, आठवडे घेतं. तोवर बकरीला त्याची चटक लागते आणि पहिला पाऊस पडून सगळीकडं चारा उगवला तरी ती कळप सोडून थेट नाल्याची वाट धरते.

मग दवाखान्यात साधारण असा संवाद होतो.

“डॉक्टरसाहेब, खाऊन तर राह्यली जी, पण अंगाले लागून नाही राह्यलं.”

“काय खाते?”

“सबंच खाते जी.”

“बेशरम खाते का?”

“नाही जी! बेशरम कोणतं ढोर खाते बाप्पा?”

“चालते कशी?”

“आता कसं सांगू... मोहाची मारल्यावानी चालते.”

हे वर्णन कोणत्याही ग्रंथातल्या लक्षणांपेक्षा कमी नाही. केस राठ, डोळे मंद, वजन उतरलेलं, मागचे पाय फाकलेले, वळताना तोल जाणारा, मान हळूहळू थरथरणारी. तपासणी करायची एक साधी रीत आहे आणि तिला यंत्र लागत नाही. बकरीच्या हनुवटीखाली हात घालून डोकं वर उचलायचं, मिनिटभर तसंच धरायचं आणि एकदम सोडून द्यायचं. धडधाकट बकरी डोकं झटकते आणि धरणाऱ्याला शिंग दाखवते. बेशरम खाल्लेली बकरी लटपटते, मागच्या पायांवर बसते, कधी आडवीच होते. ज्या मालकानं दोन मिनिटांपूर्वी ‘नाही जी’ म्हटलं होतं, तो आता शेजाऱ्याच्या बकरीबद्दल बोलू लागतो.

याला कारण आहे स्वेनसोनीन नावाचं द्रव्य. ते पेशीतल्या एका एन्झाइमला टाळं लावतं. पेशीत रोजच्या रोज साखरेच्या साखळ्या तोडून त्यांची विल्हेवाट लागत असते. ते काम थांबतं आणि अर्धवट तुटलेला माल आत साचत जातो. शहरातल्या कचरागाड्यांचा संप महिनाभर चालला तर गल्लीचं जे होईल, तेच मेंदूतल्या पेशीचं होतं, आणि तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत सगळ्यात वाईट. लवकर लक्षात आलं आणि बेशरम बंद झालं तर बकरी बरीच सावरते. उशीर झाला तर मेलेल्या पेशी परत येत नाहीत. उतारा नाही. गाभण बकरीनं खाल्लं तर पोटातल्या पिलालाही भोगावं लागतं, त्यानं अजून जगात एक पानही पाहिलेलं नसतं.

हेच द्रव्य आधी ऑस्ट्रेलियातल्या एका झुडपात सापडलं आणि नाव त्या झुडपावरून पडलं. अमेरिकेतले काउबॉय ज्या ‘लोको’ गवतानं घोडे वेडे होतात म्हणून शिव्या देत, त्यातही तेच. सुदानमध्ये १९७३ साली बकऱ्यांना बेशरमाची हिरवी पानं खाऊ घालून विषबाधेची शास्त्रीय नोंद झाली. म्हणजे चार खंडांतल्या बकऱ्या, गायी, घोडे एकाच रसायनानं झिंगतात. आणि यातली कडी अशी की हे विष मुळात बेशरम स्वतः बनवतच नाही. त्याच्या आत एक बुरशी गुपचूप भाडेकरू म्हणून राहते, ती बनवते. इतकी वर्षं बदनामी झाडाची आणि कारखाना बुरशीचा. झाडानं यावर कधी खुलासा काढलेला नाही, हेही त्याच्या स्वभावाला धरूनच झालं.

बेशरमाचं हे असं. पण विदर्भात शोभेसाठी येऊन घर बळकावणारा हा एकटाच नाही. पश्चिम महाराष्ट्र जिला घाणेरी किंवा टणटणी म्हणतो, ती इकडची रायमुनिया. ती १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात दाखल झाली, तीही फुलांसाठीच. एकाच गुच्छात पिवळी, केशरी, गुलाबी फुलं, बागेच्या कडेला काय शोभली असतील! पुढं तिनं बागेची कड सोडली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार ती देशातल्या सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर जंगलात पसरली आहे आणि वाघांच्या अधिवासाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग तिनं व्यापला आहे. नागपुरात पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासून आहे, पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही इथंच आहे, आणि सेमिनरी हिल्सच्या झाडोऱ्यात रायमुनियाही आहे. डॉक्टर आणि दुखणं इतक्या शेजारी राहण्याचा योग सगळ्याच शहरांच्या नशिबी नसतो.

रायमुनियाची पद्धत वेगळी. ती यकृतावर जाते. पित्त अडतं, कावीळ होते, आणि हिरव्या पाल्यातल्या हरितद्रव्यापासून बनणारा जो पदार्थ एरवी पित्तावाटे निघून जातो तो रक्तात फिरत कातडीत येतो. मग ऊन लागलं की फिकट कातडी भाजते. नाकपुडी, कान, सड, सालपटं निघतात. शिवाय जनावराचं मोठं पोट काम थांबवतं आणि विषारी पाला तिथंच मुक्काम ठोकून थोडा थोडा रक्तात उतरत राहतो. उपचार म्हणजे मोठ्या गायीला दोन-अडीच किलो सक्रिय कोळसा पाण्यात कालवून नळीनं पोटात सोडायचा, म्हणजे विष त्याला चिकटून बाहेर पडतं. हा कोळसा शेगडीतला नव्हे, हे डॉक्टरांना दर वेळी सांगावं लागतं, कारण मालकाचा हात तोवर शेगडीकडं गेलेला असतो. कोळसा महाग पडला तर बेंटोनाइट नावाची मातीही चालते. आणि जनावर सावलीत बांधा. मे महिन्यात, नागपुरात, सावलीत. औषधचिठ्ठीतली सगळ्यात अवघड ओळ हीच.

रायमुनियावर किडा सोडून बघायचा प्रयोगही आपल्याकडं झाला आणि तो सांगण्यासारखा आहे. १९४१ साली ऑस्ट्रेलियातून एक जाळीदार पंखांचा ढेकूण डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत आणला. रायमुनियाची पानं तो मन लावून शोषत होता. चाचणीत आढळलं की सागाच्या फुलांवरही त्याची सोय होऊ शकते. साग म्हणजे वनखात्याचा जीव की प्राण. बल्लारपूर-आलापल्लीच्या सागावर या पाहुण्याची पंगत बसलेली कोणाला चालणार? हुकूम निघाला, किडे नष्ट करण्यात आले. त्याआधीच काही किडे बाहेर पडलेले होते. आज ते देशभर रायमुनियावर आढळतात. सागाचं काही बिघडलं नाही, आणि रायमुनियाचंही फारसं बिघडलं नाही.

बंदोबस्त करायचाच तर दोन्ही झुडपांचा पत्ता वेगवेगळा आहे. रायमुनिया वरून कापली की जोमानं फुटते. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू यांनी सांगितलेली रीत अशी की जमिनीखाली मुळाचा जो गड्डा फुटवे देतो त्याच्या खाली घाव घालायचा, झुडूप उचलायचं आणि मुळं आभाळाकडं करून ठेवायचं. एक माणूस, एक कुदळ. पण मोकळ्या झालेल्या जागेत लगेच गवत लावलं नाही तर झाडावर बसलेले बुलबुल बिया टाकून पुन्हा लागवड करतात, आणि बुलबुलांना मजुरी द्यावी लागत नाही.

बेशरमाचा शत्रू कुदळ. त्याची मैत्री आहे जेसीबीशी. पावसाळ्यापूर्वी नालेसफाई होते. जेसीबी येतो, काठावरचं बेशरम ओरबाडतो, त्याचे हात-हात लांबीचे तुकडे होतात, ते चिखलासकट काठावर रचले जातात किंवा टिप्परमधून दुसऱ्या सखल जागी ओतले जातात. जूनमध्ये पाऊस येतो. कोणत्याही रोपवाटिकेत याहून चांगली कलमं बांधली जात नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, लोक ईडा-पीडा गावाबाहेर नेऊन सोडतात. बेशरमाच्या बाबतीत ती रीतही उपयोगी नाही, कारण याला गावाबाहेर नेऊन टाकणं म्हणजेच लागवड. ओल असताना मुळासकट उपटायचं, खडकाळ नाहीतर डांबरी जागेवर पसरायचं, उन्हात काडी वाजेस्तोवर वाळवायचं, आणि दोन महिन्यांनी पुन्हा येऊन राहिलेलं उपटायचं. या कामात रिबन कापायला जागा नाही, म्हणून ते होत नाही. तणनाशक आहे, पण हे झाड पाण्याकाठी असतं, ते पाणी ढोरं पितात, आणि फवारलेला कोमेजता पाला काही विषारी झाडांच्या बाबतीत जनावरांना जास्तच रुचतो. फवारायचं तर आधी कळप दूर न्यायला हवा.

संशोधकांनी याला कामाला लावायचेही खूप प्रयत्न केले. पुदुच्चेरीच्या विद्यापीठात याचं गांडूळखत झालं. कागदाचा लगदा करून झाला, गॅस काढून झाला, डासांच्या अळ्यांवर रस टाकून झाला. गावानं त्याआधीच त्याच्या फोका कुडाच्या भिंतीत घालून वर शेणमाती लिंपली होती, वाल-दोडक्याचे वेल त्यावर चढवले होते. एवढा उपयोग करूनही शिल्लक कमी झाल्याचं कोणाच्या पाहण्यात नाही.

कायद्याच्या दृष्टीनंही बाजू बकरीचीच लंगडी आहे. बकरी दुसऱ्याच्या पऱ्हाटीत शिरली तर १८७१ चा गुरे अतिक्रमण कायदा तयार आहे; कोंडवाडा आहे, दंड आहे, रोजचा चाराखर्च आहे. बेशरम दुसऱ्याच्या वावरात शिरलं तर कोणत्या कोंडवाड्यात घालायचं? नाला पाटबंधाऱ्याचा, काठ महसूलचा, रस्ता बांधकामचा, बकरी पशुसंवर्धनाची. झाड कोणाचंच नाही. आणि बकरी मेली की लोक म्हणतात, हिलाच खायची खोड होती. शेळी जाते जिवानिशी अन् खाणारा म्हणतो वातड, तसलाच हा न्याय.

म्हणून शहाणे गायकी फार तत्त्वज्ञान करत नाहीत. सकाळी कोठ्यातून सोडायच्या आधी बकऱ्यांपुढं मूठ-मूठ कुटार टाकतात. भरल्या पोटी बकरी नाल्याकडं बघत नाही. बाजारातून आणलेली नवी बकरी, जिला इथल्या पाल्याची माहिती नाही, ती आठवडाभर बांधून ठेवतात. आणि जिला चटक लागली ती कळपातून वेगळी काढतात, कारण तिचं बघून बाकीच्या शिकतात.

हे शेवटचं निरीक्षण ब्राझीलमध्ये प्रयोगानं पक्कं झालं आहे. तिथल्या संशोधकांनी चटक लागलेल्या बकऱ्यांना बेशरम खाऊ दिलं आणि लगेच लिथियम क्लोराइडचा डोस पाजला. बकरीला मळमळलं, तिनं दोष पाल्याला दिला आणि पुन्हा तोंड लावलं नाही. युक्ती उत्तम चालली. फक्त ज्या कळपात न शिकवलेली एखादी बकरी समोर मिटक्या मारत खात होती, तिथं शिकवलेल्याही हळूहळू धडा विसरल्या. म्हणजे योजना राबवायची तर गावातल्या सगळ्या बकऱ्या एकदमच शिकवाव्या लागणार. आपल्याकडं ढोरांच्या कानात बारा आकडी बिल्ला असतोच, यादी करणं अवघड नाही. शिबिराची तारीख ठरेल, मंडप पडेल, आणि पहिल्या रांगेतला मालक उभा राहून विचारेल, “साहेब, बकरीले मळमळ होईन त्या दिवशीचं दूध बुडते जी, त्याचं अनुदान कोणत्या खात्यात जमा होईन?”